छोट्या द्राक्ष बागायतदारांना वाईनच्या द्राक्षाचं तंत्र कसं शिकवावं? सोलापुरातल्या एका गटाला उत्तर

मोहोळ तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. गटात एक-दोन एकरांचे तीसेक द्राक्ष बागायतदार आहेत. आजवर त्यांनी खाण्याची द्राक्षं आणि बेदाणा केला, आता काही जणांना वाईनच्या जाती लावायच्या आहेत. प्रशिक्षणासाठी एका संस्थेकडून निधी मिळतोय, त्यातून हवामान केंद्र, जमिनीतल्या ओलाव्याचे सेन्सर आणि मोबाईल ॲप घ्यायचा विचार आहे. पाणी, औषधं आणि खर्च तिन्ही कमी होतील असं प्रशिक्षण कसं आखावं?

द्राक्षबागांत आणि बागायतदारांच्या शेतीशाळांत माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्या अनुभवावर सांगतो. प्रशिक्षण वेलीच्या वेळापत्रकाला बांधा. ज्या आठवड्यात जो निर्णय घ्यायचा असतो, त्या आठवड्यात तेवढाच शिकवा आणि तो शेतकऱ्याच्या रानात उभं राहून शिकवा. यंत्र तिथेच आणा, जिथे त्याच्या आकड्यावरून तो निर्णय बदलू शकतो. तीन दिवसांचं निवासी शिबिर, पडद्यावर चित्रं, शेवटी प्रमाणपत्र आणि गटाचा फोटो, या पद्धतीने द्राक्ष शिकवता येत नाही. एप्रिलमध्ये सांगितलेलं ऑक्टोबरमध्ये कुणाला आठवणार? आणि आठवलं तरी त्या दिवशीचं आभाळ वेगळंच असतं.

तंत्राकडे जाण्याआधी विक्रीचं बोलतो, कारण प्रशिक्षणाचा पहिला वर्ग तोच असला पाहिजे. थॉम्पसन, माणिक चमन, सोनाका या खाण्याच्या जाती लावणाऱ्याला तीन वाटा असतात. माल चांगला असेल तर निर्यात, नाहीतर बाजार, आणि दर पडला तर बेदाणा. वाईनच्या कॅबरने, शिराझ, शेनिन ब्लांक या जातींचे मणी लहान, आत बी, साल जाड. गिऱ्हाईक ते खायला घेत नाही आणि बी असल्यामुळे बेदाण्यालाही ते चालत नाहीत. वाट एकच, वायनरी. राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ साली आलं, पलूस आणि विंचूरला वाईन पार्क झाले, करार झाले, बागा लागल्या. २००८ नंतरच्या मंदीत अनेक ठिकाणी माल उचलला गेला नाही आणि शेतकऱ्यांनी उभ्या बागा काढून टाकल्या. आपल्या जिल्ह्यात अकलूजजवळ फ्रटेली या वाईन कंपनीच्या बागा आहेत, सांजोव्हेजेसारखी इटालियन जात इथल्या उन्हात येते हे तिथे दिसतं. म्हणजे हवामान आड येत नाही. पण जात येणं आणि माल विकला जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून पहिल्या बैठकीत कराराचा कागद मोठ्याने वाचा. गोडी कोण मोजणार, कुणाच्या रिफ्रॅक्टोमीटरवर, आणि तेव्हा शेतकरी हजर असणार का? दर ब्रिक्सवर, म्हणजे गोडीच्या मापावर, की वजनावर? कंपनीने तोडणीची तारीख पुढे ढकलली आणि त्यात मणी सुकून वजन घटलं, तर ती घट कुणाची? पैसे किती दिवसांत? माल उचललाच नाही तर काय? याची उत्तरं कागदावर नसतील तर त्या हंगामात रोपं लावू नका. ज्यांच्याकडे एकच एकर आहे त्यांनी सगळं रान वाईनला देऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. निम्मं द्यावं, किंवा सरळ खाण्याच्या द्राक्षातच तंत्र सुधारावं. खाली सांगितलेलं पुष्कळसं दोन्हीकडे लागू पडतं.

आता वेळापत्रक. आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते आणि सगळं शिक्षण या दोन छाटण्यांभोवती फिरतं. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी माल धरण्यासाठी. युरोपातल्या पुस्तकांत एकच छाटणी आणि हिवाळ्याची झोप असते, त्यामुळे तिकडचा अभ्यासक्रम इथे जसाच्या तसा चालत नाही. वाईन कंपनीचा तज्ज्ञ परदेशातून शिकून आलेला असेल तर पहिल्या दिवशी त्याला गटासोबत छाटणी करू द्या, मग त्याने शिकवावं.

खरड छाटणीनंतर साधारण चाळीस ते साठ दिवसांत काडीवरच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते. पुढच्या हंगामात घड किती येणार हे त्या उन्हाळ्यात ठरतं, पण नुसत्या नजरेला काहीच दिसत नाही. नवशिका बागायतदार इथेच गाफील राहतो. ऑक्टोबरमध्ये घड कमी निघाले की तो औषध दुकानात धावतो, आणि तेव्हा हातात काही उरलेलं नसतं. म्हणून मे-जूनमधला वर्ग मी सगळ्यात महत्त्वाचा मानतो. फुटी विरळ केल्या का, ओलांड्यावर, म्हणजे तारेवरच्या आडव्या फांदीवर, काड्यांची गर्दी आहे का, पानाआड ऊन पोचतं का, नत्र जास्त पडून शेंडा पळतोय का, सबकेनसाठी, म्हणजे उपकाडी निघावी म्हणून, शेंडा कधी खुडायचा, हे एकेका वेलीपाशी उभं राहून दाखवायचं. पंचेचाळिसाव्या दिवशी पाचव्या पानाचे देठ काढून तपासणीला पाठवायचे. हा नमुना प्रत्येकाने आपल्या हाताने काढला पाहिजे. एकाने तीस जणांचे देठ आणले तर अहवाल येतो, शिक्षण होत नाही.

तारखा ठरवताना गावाचं वर्षही बघा. पंढरपूर-मोहोळ पट्ट्यात आषाढीच्या आठवड्यात आणि जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत कुणी येणार नाही, आणि येऊ नये असंच मला वाटतं. बैठक पहाटे बागेत किंवा संध्याकाळी पाचनंतर ठेवा. दुपारी बारा वाजता सभागृहात बसवलेला शेतकरी मनाने मोटारीपाशी असतो, कारण लाइट कधी येईल त्याचा नेम नसतो.

पाण्यावर थोडं थांबतो, कारण सोलापुरात टिकाऊ शेतीचा अर्थ आधी पाणी. जिल्ह्याचा सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर. उजनीचं पाणी सगळ्या रानांपर्यंत पोचत नाही, आणि पोचतं तिथे ऊस उभा असतो. बहुतेक छोटे बागायतदार विहीर, बोअर आणि शेततळ्यावर आहेत. त्यांना विचारा, “ठिबक किती वेळ चालवता?” उत्तर येतं, “दोन तास.” किती लिटर गेलं ते मात्र सांगता येत नाही. पहिला धडा हाच.

हिशोब साधा आहे. एक मिलिमीटर पाणी म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. एकरात ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे एकराला एक मिलिमीटर देण्यासाठी सुमारे चार हजार लिटर. समजा आज बाष्पीभवन आठ मिलिमीटर आहे आणि वेलीच्या सध्याच्या अवस्थेचा गुणांक ०.४ धरला, तर गरज ३.२ मिलिमीटर, म्हणजे एकराला तेरा हजार लिटरच्या आसपास. लागवड नऊ बाय पाच फुटांवर असेल तर एकरात ९६८ वेली. प्रत्येक वेलीला चार लिटरचे दोन ड्रिपर असतील तर तासाला ७,७४४ लिटर पडतात. म्हणजे ठिबक पावणेदोन तासांच्या आत बंद व्हायला हवं. हे गणित फळ्यावर नको. प्रत्येकाने आपल्या रानात बादली आणि घड्याळ घेऊन ड्रिपरचं पाणी मोजावं, लाइनच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटाला. क्षारांच्या पाण्यावर चालणाऱ्या जुन्या ठिबकमध्ये पहिल्या आणि शेवटच्या ड्रिपरमध्ये मोठा फरक निघतो. तो दिसला की लॅटरल धुवायला आणि आम्लप्रक्रिया करायला कुणाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

हा हिशोब हातात बसल्यावर ओलाव्याचा सेन्सर कामाचा. आधी आणला तर तो बांधावरची शोभा होतो. शिवाय आपल्या जमिनीचा स्वभाव ध्यानात घ्या. काळ्या रानात भेगा पडल्या की सेन्सरचा मातीशी संपर्क सुटतो आणि तो खोटं सांगायला लागतो. टेन्शिओमीटर, म्हणजे मातीतल्या पाण्याचा ताण मोजणारी नळी, हीही साधारण ८० सेंटिबारच्या पुढे साथ देत नाही, तिच्यात हवा शिरते. मुरमाड रानातला आकडा काळ्या रानाला लावून चालत नाही. म्हणून सेन्सरशेजारी दर आठवड्याला हातभर खड्डा घ्यायला लावा. मूठभर माती दाबून बघायची, वाफसा आहे की चिखल आहे, पांढरी मुळी चालू आहे का, आणि मग सेन्सरचा आकडा वहीत या निरीक्षणाशेजारी लिहायचा. काही आठवड्यांत शेतकऱ्याला आपल्या रानाची भाषा आकड्यांत कळायला लागते. तिथून पुढे तो सेन्सरवर डोळस विश्वास ठेवतो.

वाईनच्या द्राक्षात पाण्याची शिस्त आणखी बारीक आहे. फळधारणेनंतर ते मण्यात पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ पडायला लागेपर्यंत, वेलीला हलका ताण दिला तर मणी लहान राहतो, साल आणि गर यांचं प्रमाण सुधारतं, रंग येतो. खाण्याच्या द्राक्षात मणी फुगवण्याची सवय लागलेल्या हाताला हे पटत नाही, आणि त्याचा दोष नाही, बाजाराने त्याला तेच शिकवलंय. तेव्हा चार ओळींवर ताण द्या, चार ओळी नेहमीसारख्या ठेवा, आणि तोडणीला दोन्हीकडचा रस काढून समोर ठेवा. पण ताण किती, हे जमिनीवर अवलंबून आहे. हलक्या रानात आपल्या उन्हात एका आठवड्यात पानं करपतात. पहिल्या वर्षी हा प्रयोग खोल जमिनीतच करावा.

पाचटाचं आच्छादन हे सोलापूरला मिळालेलं वरदान आहे. जिल्ह्यात ऊस एवढा की पाचट जाळून टाकतात. तेच ठिबकच्या पट्ट्यावर टाकलं तर बाष्पीभवन कमी होतं, जमीन थंड राहते, तण दबतं आणि कुजून सेंद्रिय कर्ब वाढतो. छाटणीच्या काड्या बांधावर पेटवण्यापेक्षा श्रेडरने बारीक करून कुजवाव्यात. मात्र खोडकिडा किंवा करप्याने खराब झालेल्या काड्या बागेबाहेर काढायच्या, आणि पाचट खोडाला चिकटवून ठेवायचं नाही, वाळवी लागते. श्रेडर गटाने मिळून एक घ्यावा. निधीतला हा खर्च मला ॲपपेक्षा जास्त उपयोगी वाटतो.

माती आणि पाणी तपासणीवर फार बोलत नाही, एवढंच सांगतो की नवीन बाग लावण्याआधी ती केलीच पाहिजे. आपल्याकडे चुनखडीची जमीन आणि क्षाराचं पाणी या दोन्ही अडचणी आहेत. डॉगरिज आणि ११० आर या खुंटांमध्ये, म्हणजे ज्यावर कलम बांधतात त्या मुळांच्या जातींमध्ये, निवड करताना मातीचा मुक्त चुना आणि पाण्यातलं सोडियम व क्लोराइड समोर हवेत. शेजाऱ्याने लावला म्हणून खुंट लावायचा नाही. मुक्त चुना जास्त असलेल्या रानात कोवळी पानं पिवळी पडतात तेव्हा साधं फेरस सल्फेट जमिनीत टाकून उपयोग होत नाही, ते तिथेच अडकतं. फवारणीतून किंवा योग्य चिलेटमधून लोह द्यावं लागतं.

आता रोग आणि औषधं. द्राक्षात पैसा इथेच जातो आणि घाबरटपणाही इथेच आहे. ढग आले की फवारणी, शेजाऱ्याने ट्रॅक्टर काढला की आपणही काढायचा. एका शेतीशाळेत मी सगळ्यांना घरातल्या औषधांच्या बाटल्या आणि पुडे पोत्यात भरून आणायला सांगितले होते. अंगणात सगळं मांडलं आणि कंपनीची नावं झाकून फक्त घटकाच्या नावावरून ढीग केले. वेगवेगळ्या रंगांच्या चार बाटल्यांत एकच घटक निघाला. डायमेथोमॉर्फ आणि मॅन्डीप्रोपामिड वेगळी औषधं समजून आलटून पालटून मारणारे बरेच जण होते, पण दोन्ही एकाच गटातली, डाऊनीच्या, म्हणजे केवडा रोगाच्या, बुरशीवर एकाच ठिकाणी घाव घालणारी. मग प्रतिकारशक्ती येणार नाही तर काय? तुमच्या गटात हा वर्ग सप्टेंबरच्या आधी घ्याच. बाटलीवरचा गट क्रमांक वाचता आला की बागायतदार दुकानदाराला उलटा प्रश्न विचारायला लागतो. त्या दिवसापासून त्याचा खर्च उतरतो.

डाऊनी कशी येते हे दाखवायला महागडं काही लागत नाही. संशयित तेलकट डागाचं पान ओल्या कापसासोबत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रात्रभर अंधारात ठेवायचं. सकाळी पानाच्या खालच्या बाजूला पांढरी बुरशी दिसली तर डाऊनी जिवंत आहे. काही दिसलं नाही तर डाग जुना, वाळलेला असण्याची शक्यता जास्त, आणि त्यावर महागडं औषध मारून उपयोग नाही. आता हवामान केंद्राचं काम समजावता येतं. रात्री चारेक तास आर्द्रता ९५ टक्क्यांच्या वर, तापमान तेरा अंशांच्या वर आणि सकाळी पान ओलं, तर बुरशी बीजाणू सोडते आणि ओल्या पानावर ते रुजतात. पिशवीत जे घडलं तेच बागेत घडतं. भुरीचं, म्हणजे पांढऱ्या भुकटीसारख्या दिसणाऱ्या बुरशीचं, उलट आहे. तिला पानावर पाणी लागत नाही, ढगाळ दमट हवा आणि दाट कॅनॉपी, म्हणजे पानांची गर्दी, पुरते. एकाच ढगाळ दिवशी दोन्ही रोगांची औषधं मिसळून मारायची गरज नाही, हे या दोन वाक्यांतून कळतं.

हवामान केंद्र नेमकं कुठे लावता ते बघा. पान ओलाव्याचा सेन्सर पंप हाउसच्या छतावर लावलेला मी पाहिला आहे. तो बागेत, पानांच्या उंचीवर, मांडवाच्या आत हवा, आणि धूळ महिन्यातून दोनदा पुसली पाहिजे. तापमान आणि आर्द्रतेसाठी एकसारख्या शिवारातल्या दहा-पंधरा बागांना एक केंद्र पुरतं. पावसाचं तसं नाही. आपल्याकडे पाऊस ओढ्याच्या या काठाला पडतो आणि त्या काठाला कोरडं असतं. म्हणून प्रत्येक बागेत स्वस्तातलं प्लास्टिकचं पर्जन्यमापक असावं आणि सकाळी आठ वाजता आकडा गटाच्या व्हॉट्सॲपवर यावा. मंगळवारी आणि शुक्रवारी येणारा हवामान खात्याचा कृषी सल्ला गटातल्या एकाने वाचून सगळ्यांना आपल्या शब्दांत सांगावा. दर आठवड्याला माणूस बदला, म्हणजे सगळेच वाचायला शिकतील.

यंत्राला काय कळत नाही तेही सांगितलं पाहिजे. ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत पोंगा, म्हणजे कोवळी फूट, आणि फुलोऱ्याच्या अवस्थेतल्या बागांत पाय ठेवता येत नव्हता. ॲप ‘फवारणी करा’ म्हणत होतं आणि ट्रॅक्टर चिखलात जात नव्हता. अशा वेळी खांद्यावरच्या पंपाने काय मारायचं, डस्टिंग, म्हणजे औषधाची भुकटी धुरळणं, करायचं का, गळलेले घड बाहेर काढायला किती माणसं लागतील, हा निर्णय माणसाचा. गटाने ही तयारी आधी करून ठेवावी. फळछाटणीच्या तारखाही गटात वाटून घ्याव्यात. सगळ्यांनी एकाच आठवड्यात छाटणी केली तर परतीचा एकच पाऊस सगळ्यांना गाठतो.

बोर्डो मिश्रण अजूनही शिकवण्यासारखं आहे. १८८५ मध्ये फ्रान्समध्ये मिलार्देने डाऊनीवर त्याचा उपयोग मांडला आणि आजही खरड छाटणीनंतर व पावसाळ्यात ते कामाला येतं. एक टक्क्यासाठी एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. लोखंडी भांडं चालत नाही. तयार झाल्यावर लोखंडी खिळा बुडवायचा, तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय. ते वापरायच्या दिवशीच बनवायचं. दुकानातलं तयार औषध सोपं असतं हे खरं, पण हाताने बोर्डो बनवलेल्या बागायतदाराला सामू (पीएच) आणि मिश्रणाची सुसंगतता समजते, आणि ती समज बाकी सगळ्या टाक्यांना उपयोगी पडते. जैविक बाजूला भुरीवर बॅसिलस सबटिलिस आणि ॲम्पेलोमायसिस, जमिनीतून ट्रायकोडर्मा, मिलीबगवर (पिठ्या ढेकणावर) क्रिप्टोलिमस हा ढालकिडा. तोडणीच्या जवळ मालात राहणाऱ्या औषधाच्या अंशाची काळजी असते तेव्हा यांचा खरा फायदा. मात्र कीटकनाशक मारल्यावर दोन दिवसांत क्रिप्टोलिमस सोडला की तो मरतो आणि ‘जैविक चालत नाही’ असं ऐकू येतं. क्रम शिकवा.

फवारणीच्या यंत्रावर एक सकाळ पूर्ण द्या. पाण्याला रंग बदलणारे पिवळे कागद पानांच्या दोन्ही बाजूंना आणि घडाजवळ स्टेपल करायचे, साधं पाणी घेऊन ब्लोअर फिरवायचा आणि कागद काढून बघायचे. वरच्या पानांवरून पाणी ओघळतंय आणि घडाजवळचा कागद कोरडा, हे चित्र हमखास दिसतं. मग नोझल, दाब आणि ट्रॅक्टरचा वेग बदलून पुन्हा. हे करताना फवारणी करणारा गडी समोर हवा. बाग मालकाच्या नावावर असते, पण औषध मारतो गडी, मणी विरळतात बायका, छाटतात टोळीची माणसं. त्यांना वर्गाबाहेर ठेवून केलेलं प्रशिक्षण निम्मंच राहतं. त्यांच्या त्या दिवसाची मजुरी निधीतून द्या. फळछाटणीनंतर डोळे फुटण्यासाठी हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात तेव्हा तर हे अत्यावश्यक. कातडी भाजते, डोळ्याला इजा होते, आणि लावण्याच्या आगेमागे दारू घेतली तर जिवावर बेतू शकतं. हातमोजे, चष्मा, साबण-पाणी आणि ही ताकीद, प्रत्येक टोळीला प्रत्येक वर्षी. यात कुणी दुर्लक्ष केलं तर मी काम थांबवतो, तुम्हीही थांबवा.

खाण्याच्या द्राक्षातून वाईनकडे येणाऱ्यांना काही सवयी मोडाव्या लागतील. जीए, म्हणजे मणी फुगवायचं जिबरेलिक ॲसिड, बंद. बी असलेल्या जातींना ते मानवत नाही, पुढच्या वर्षीची फळधारणाही बिघडू शकते. पालाश जपून. गोडीसाठी शेवटी पोटॅशचा मारा करायची आपली सवय वाईनला नडते, रसात पालाश वाढलं की सामू चढतो आणि वाईन टिकत नाही, रंग मंदावतो. गंधक तोडणीच्या बरंच आधी थांबवायचं, नाहीतर आंबवताना कुजक्या अंड्यासारखा वास येतो. बोर्डोमधल्या तांब्याचे अवशेषही यीस्टला त्रास देतात. म्हणजे बोर्डो कितीही चांगलं असलं तरी त्याची वेळ आहे.

तोडणीचा वर्ग तर वाईनसाठी वेगळाच. आपल्याकडे फक्त गोडी बघतात. वायनरीला ब्रिक्स, सामू आणि आम्लता तिन्ही लागतात. लाल जातींना साधारण २२ ते २४ ब्रिक्स आणि सामू साडेतीनच्या आसपास असला तर माल चांगला मानतात. फेब्रुवारीत सोलापूरचं ऊन चढलं की गोडी झपाट्याने वाढते आणि मॅलिक आम्ल तितक्याच वेगाने घटतं. चार दिवस उशीर झाला तर गोडी मिळते, आम्ल जातं. म्हणून पाणी उतरल्यापासून दर तीन-चार दिवसांनी मणी गोळा करून मोजायचं. मणी घडाच्या वरून, मधून, खालून, आणि ओळीच्या दोन्ही बाजूंनी घ्यायचे. गोड दिसणारे वेचून घेतले तर आकडा फसवतो. रिफ्रॅक्टोमीटर प्रत्येकाकडे असावा, सामू मीटर गटाकडे एक, आणि दर वेळी बफरने तपासलेला. हे आकडे शेतकऱ्याच्या वहीत असतील तर वायनरीच्या वजनकाट्यावर तो मान खाली घालून उभा राहत नाही. तोडणी पहाटे, डोक्यावर दिवा लावून. दुपारचा तापलेला माल क्रेटमध्येच आंबायला लागतो.

डिजिटल बाजूचं माझं म्हणणं थोडक्यात. ॲप मराठीत असावं, मोबाईलला रेंज नसताना नोंद घेता यावी आणि शेतकऱ्याची माहिती शेतकऱ्याकडे राहावी. ज्या ॲपची कंपनी औषधंही विकते, त्याचा सल्ला गटाने स्वतंत्रपणे तपासावा. प्रशिक्षणाला औषध कंपनीचा प्रायोजक घेऊ नका, जेवण कमी आणि साधं ठेवा पण हे टाळा. पहिल्या हंगामात कागदाची वही सक्तीची, ॲप ऐच्छिक. वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, वेलीची अवस्था, काय केलं, का केलं, किती खर्च. ‘का केलं’ हा रकाना भरायला लोक टाळाटाळ करतात. तोच महत्त्वाचा. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या संजीवकाच्या अंशामुळे आपली निर्यातीची द्राक्षं युरोपात अडकली, ते जुन्या बागायतदारांना आठवतं. नोंद नसेल तर आपला माल स्वच्छ होता हे सिद्ध करायला काहीच नसतं.

शिकवणार कोण? मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातले शास्त्रज्ञ, खेड आणि मोहोळची कृषी विज्ञान केंद्रं, द्राक्ष बागायतदार संघाची चर्चासत्रं, हे सगळे घ्या, पण वर्षातून मोजक्या वेळा. रोजचा शिक्षक गटातलाच हवा. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस या जाती बागेत वेगळ्या दिसलेल्या वेलींवर नजर ठेवूनच निवडल्या. ती नजर या जिल्ह्यात आहे, कासेगावात आहे, नान्नजमध्ये आहे, तुमच्या गटातही दोघा-तिघांकडे असेल. त्यांना हुडका. त्यांना बोलायला येत नसेल तरी चालेल, त्यांच्या बागेत वर्ग भरवा. पंधरा-वीसांपेक्षा मोठा वर्ग करू नका, तुमचे तीस जण दोन तुकड्यांत बसतील. एकेका तुकडीत चार-पाच बाया बागायतदार हव्यातच. घरची बाग खऱ्या अर्थाने चालवणाऱ्या अनेक जणी आहेत, पण सातबाऱ्यावर नाव नाही म्हणून त्यांना कुणी बोलावत नाही.

यश मोजायचं तर हजेरीवर मोजू नका. प्रत्येक बागेचं किलोमागे पाणी किती लिटर, फवारण्या किती आणि त्यातल्या हवामानाचा आकडा बघून टाळलेल्या किती, उत्पादन खर्च किलोला किती, हे चार आकडे सुरुवातीला आणि दोन हंगामांनंतर घ्या. एका हंगामावर निष्कर्ष काढू नका, पाऊस चांगला-वाईट झाला की सगळे आकडे हलतात. निधी देणाऱ्या संस्थेला हे आधीच सांगा आणि दोन वर्षांचा करार मागा. सहा महिन्यांत निकाल हवा असेल तर त्यांना दुसरा प्रकल्प शोधायला सांगा, तुमच्या लोकांचा वेळ जाईल.

खर्चाचा क्रम विचारलात तर मी असा लावीन: माती, पाणी आणि देठ तपासणी; पर्जन्यमापकं, हातभिंग, रिफ्रॅक्टोमीटर; गटाचा सामू आणि क्षारता मीटर; फवारणीचे कागद आणि नोझल; मजुरांचं सुरक्षा साहित्य; श्रेडर; मग दोन-तीन वेगवेगळ्या जमिनींत ओलाव्याचे सेन्सर; आणि दुसऱ्या वर्षी हवामान केंद्र. पहिल्या वर्षी रोज पाऊस मोजून नोंदवायची सवय लागली नसेल तर हवामान केंद्र घेऊ नका, तो पैसा पाचट आणि कंपोस्टवर घाला.

आत्ता तुमच्या हातात खरड छाटणीच्या आधीचे काही आठवडे आहेत. या काळात प्रत्येकाच्या रानातून मातीचा आणि विहिरीच्या पाण्याचा नमुना घ्या, ठिबकचं पाणी बादलीने मोजा आणि वायनरीकडून कराराचा मसुदा मागवा. मसुदा आला की एखाद्या वकिलाला दाखवा, मग गटात वाचा. ज्यांना तो वाचून माघार घ्यावीशी वाटेल त्यांना थांबवू नका. ते खाण्याच्या द्राक्षात राहिले तरी वर्ग त्यांच्यासाठी चालू ठेवा.